एका टाकीत एकच

अहो,

मायना एवढाच. चौतीस वर्षं याच नावाने हाक मारली. आता 'प्रिय' वगैरे लिहिलं तर तुम्हालाच वाटेल, ही दुसऱ्या कुणाला लिहितेय!

एक चूक कबूल करायची आहे म्हणून बसलेय लिहायला. ज्योती रविवारी पुण्याहून येतेय, मला कायमची घेऊन जायला. लेकीला कळण्याआधी तुम्हाला सांगायला हवं. मी साहेबाच्या काचेच्या टाकीत दुसरा ॲक्सोलॉटल, माझ्या भाषेत पाण्यातली पाल, आणून सोडला. तुम्ही कायम नको म्हणायचात, तरी.

चिडलात? थांबा, आधी सगळं ऐकून घ्या.

साहेब मजेत आहे बरं का. तस्साच पांढरा, डोक्याला दोन्ही बाजूंनी गुलाबी तुरे, आणि तोंडावर ते कायमचं हसू. तुम्ही आणलात त्या दिवशी मी विचारलं होतं, "हा मासा आहे की पाल?" तुम्ही म्हणालात, "साहेब हाय. काय काम करत न्हाय, नुसता काचेमागं बसून सगळ्यांकडं बघतो." झालं, तेच नाव पडलं! जन्मभर चिंचोळी एमआयडीसीत मशिनी दुरुस्त केल्यात आणि निवृत्त झाल्यावर पाळलात काय, तर थंड पाण्यात राहणारा प्राणी. तोही सोलापुरात! त्याच्यासाठी बाटल्या गोठवून गोठवून माझ्या फ्रीजमध्ये पन्ह्याला जागा उरायची नाही. त्याच्या टाकीवर वेगळा पंखा. आपल्या खोलीतला मात्र भर उन्हाळ्यात दोनच्या वर जाऊ द्यायचा नाहीत. किती भांडले मी त्यावरून!

टाकीत बर्फाच्या बाटल्या अजून सोडते हं. सकाळी एक, दुपारी एक. एकदाही चुकलेली नाही.

पण त्याचं ते एकट्याने बसणं मला बघवायचंच नाही. माझ्या माहेरी कुणी उशिरा जेवायला बसलं तरी ताटापुढे कुणीतरी बसायचंच, पोट भरलेलं असलं तरी. मी म्हणायचे, "बिचाऱ्याला एक जोडीदार आणा की." तुम्ही चिमट्यात गांडूळ धरलेलं, मान वर न करता म्हणायचात, "त्याला न्हाय लागत कुणी. एका टाकीत एकच."

खरं सांगू? ते मला लागायचं. वाटायचं, हे साहेबाचं नाही, स्वतःचंच सांगतायत. टाकीपुढे तास तास बसणारा माणूस, आणि माझ्याशी दहा मिनिटं बोलायला नको. एकदा तोंडावर विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

तुम्ही गेल्यावर घरात बोलायला साहेबच उरला. आठ महिने झाले. ज्योती रोज फोनवर म्हणते, "आई, तिथं एकटी कशाला राहतेस? त्या प्राण्याला देऊन टाक कुणाला तरी." मनात आलं, द्यायचाच तर परक्या घरी एकटा कशाला जाऊ दे? जोडीने जाईल. म्हणून गेले सलीमभाईंच्या माशांच्या दुकानात. तुमचे इतके जुने दोस्त ते. त्यांनी पिशवीत पाणी भरता भरता विचारलं, "भाभी, टाकी वेगळी हाय ना?"

"हाय की!" म्हणाले मी. धडधडीत खोटं. या वयात!

आणलं ते पिल्लूच, काळं, साहेबाच्या निम्म्यानेही नाही. दोन दिवस दोघं दोन कोपऱ्यांत होते. मी आपली खूश, समोर बसून शेंगाचटणी-भाकरी खातेय. सोमवारी सकाळी बाटली सोडायला गेले तर पिल्लाचा पुढचा एक पाय नाही. साहेबाच्या तोंडावर तेच हसू! पिल्लाला पातेल्यात काढलं आणि तशीच चालत दुकान गाठलं.

सलीमभाई एका शब्दाने ओरडले नाहीत. म्हणाले, "भाभी, रागानं न्हाय चावत ते. समोर हाललं की तोंडात घ्यायचं, एवढंच कळतं त्यांना. सोबत न्हाय लागत. पाय परत येतो की, महिना-दोन महिने जातील. पण पाणी थंड पायजे, आन् टाकी वेगळी करा. भाईनं सांगितलं न्हवतं व्हय तुमाला?"

सांगितलं होतं. लिहूनही ठेवलं होतं!

तुमच्या त्या पट्ट्या! कारखान्यात मशिनीवर सूचना चिकटवायची सवय, ती घरी आणलीत. गॅसवर पट्टी, मिक्सरवर पट्टी. आणि पिंपावर? 'साहेबाचं पाणी. यातून भांडी घासू नयेत.' चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं आपल्या, आणि माझ्याच पिंपावर ही पाटी! त्या दिवसापासून रागाने मी एकही पट्टी वाचली नाही. काल टाकीतलं पाणी उपसायला खाली बसले, चष्मा डोळ्यांवर होता, आणि स्टँडच्या बाजूला दिसली. 'एका टाकीत एकच. कुणी काही म्हटलं तरी.'

तिच्या खाली आणखी एक. अक्षर वाकडंतिकडं, म्हणजे दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं.

'ज्योती, आईने दुसरा आणलाच तर तिला बोलू नकोस. तिला कुणी एकटं बघवत नाही. दुसरी टाकी माळ्यावर आहे, चादरीत गुंडाळून.'

मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले. तुम्ही त्या स्टुलावर चढला होतात तो दिवस आठवला. अंगात त्राण नाही, उभं राहिलं की घेरी येते, आणि हे माळ्यावर! मी काय काय बोलले तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "कोळिष्टकं काढतोय." मी तर असंही म्हणाले होते की पडलात तर मी उचलणार नाही. कुठून आलं हो ते माझ्या तोंडात? माफ करा.

टाकी उतरवली. शेजारच्या पद्माने स्टूल धरलं. चादरीत होती म्हणून एक चरा नाही. पिल्लू आता त्यात आहे, साहेब त्याच्या टाकीत. दोघंही आपापली गांडुळं खातात. मी मध्ये खुर्ची टाकून बसते.

एक कळलं बघा. ज्योती माझीच लेक आहे. मी साहेबाचं जे केलं तेच ती माझं करायला निघालीय, तेवढ्याच मायेने. रविवारी तिला रागावणार नाही. चहा देईन, पिल्लाचा पाय दाखवीन आणि सांगेन, हा पूर्ण येईपर्यंत मी कुठे येत नाही. बाटल्या कोण सोडणार? पुढचं पुढे बघू. साहेबाला मात्र कुणाला देणार नाही. मग तिला ती पट्टी वाचायला लावीन. तिच्यासाठीच लिहिलीय ना!

आता रोज एक पट्टी वाचायची असं ठरवलंय. घाईने संपवायच्या नाहीत. आज सकाळी आपल्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावरची वाचली. इतकी वर्षं तिच्यावरच बोट ठेवून बटण फिरवत होते. 'दोनच्या वर नको. सुमनचा खांदा धरतो.'

आणि मी आठ महिने पंखा पाचवर लावून खांद्याला मलम चोळतेय!

एवढं एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?

बरं, शब्द देते. एका टाकीत एकच. आणि पंखा दोनवर.

तुमची,
सुमन