नऊ तासांचा मुक्काम

सोमवार, ४ मार्च

त्याचं जहाज सकाळी लागलं, संध्याकाळी सुटलं. नऊ तास! पूर्वी गोण्या पाठीवरून उतरायच्या तेव्हा आठ-दहा दिवसांचा मुक्काम असायचा. तो घरी राहायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, भांडायचा. शेवटी मीच म्हणायची — जा बाबा एकदाचा!

आता सगळा माल लोखंडी पेट्यांत. क्रेन उचलते, ठेवते. संपलं. आणि तो इंजिनखोलीतला. जहाज उभं असतं तेव्हाच इंजिन दुरुस्तीला उघडायचं, म्हणजे नेमकं तेव्हाच त्याला हलता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून धक्क्यावर गेले. शिडीपाशी भेटला. हात तेलाने माखलेले.
"बारीक झालीस."
"तू पण."
वरून कुणीतरी हाक मारली. गेला.

मंगळवार, ५ मार्च

घर आवरलं. आवरण्यासारखं काही नव्हतंच.

रविवार, १७ मार्च

शेजारच्या काकूंनी नवा पंखा घेतला. परदेशी, निम्म्या किमतीत! "पेट्या आल्या आणि सगळं स्वस्त झालं बघ. तुझ्या नवऱ्याची कृपा!" मीही हसले. भिंतीपलीकडून पंख्याची घरघर ऐकू येते. बरं वाटतं — कुणीतरी आहे.

गुरुवार, ४ एप्रिल

बंदराच्या ऑफिसात नोकरी धरली ती त्याच्या जवळ राहता येईल म्हणून! कुठली पेटी आधी उतरवायची, तो क्रम मी लावते. आज साहेब म्हणाले, "नऊचे सात तास झाले पाहिजेत. जहाजं धावली तर धंदा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

सोमवार, ८ एप्रिल

त्याचं जहाज उद्या येतंय. पेट्यांचा नकाशा आला. आपल्याकडे उतरायच्या पेट्या तळाशी, वर पुढच्या बंदराचा माल! आत्ता सांगितलं तर जादा क्रेन लावता येईल. नाही सांगितलं तर वरचं सगळं काढा, परत ठेवा — संध्याकाळच्या भरतीवर सुटायची वेळ हुकणार. मग रात्रभर मुक्काम.

साहेब टेबलापाशी आले. "सगळं ठीक?"
"ठीक."
तोंडातून निघून गेलं! घरी येऊन नवी चादर घातली.

मंगळवार, ९ एप्रिल

हुकली! जहाज उद्या सकाळपर्यंत इथेच. साहेब डोक्याला हात लावून बसले, "असं होतंच कसं?" मी मान वर केली नाही. लाज वाटली. पण खोटं कशाला लिहू — आनंद जास्त होता.

शिडीवरचा पहारेकरी म्हणाला, "बाई, सगळ्यांना रात्रीची सुट्टी मिळाली!" धावत घरी आले. दोघांचा स्वयंपाक केला. केस धुतले. दार नुसतं लोटून ठेवलंय. जिन्यात पाऊल वाजलं की लिहिता लिहिता थांबते.

बुधवार, १० एप्रिल

जहाज सुटायच्या आधी ऑफिसात त्याचा फोन. "अगं, काल देव पावला! इंजिन बंद, आवाज बंद. तुझ्याकडेच निघालो होतो — बूट घालायला म्हणून खाटेवर टेकलो, तो थेट सकाळी उठलो. कित्येक महिन्यांत असा झोपलो नव्हतो गं! रागावलीस?"

आवाज किती ताजा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखा.

"बरं केलंस," म्हटलं.