ठमीच्या वहीतली एक ओळ

मी खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण आठवी पास नववी नापास, काम बोगद्यात खडक फोडायच्या मशीनवर, घरी ज्याला भिंगरी म्हणतात तो, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली नसताना आणि काहीही न पिता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मला आजार नाही. बोगद्याच्या खालच्या टप्प्यात उतरण्याआधी कंपनी प्रत्येकाकडून हे लिहून घेते. छावणीच्या कारकुनाने एका पानाचा नमुना दिला होता. माझं एका पानात मावेना म्हणून आणखी कागद मागितले. तो म्हणाला, "अरे, तुझी इस्टेट आहे तरी केवढी?" म्हटलं, इस्टेट छोटी आहे, भानगड मोठी आहे.

कलम १. बँकेत जे असेल ते आईचं. तिने ते स्वतःवर खर्च करावं, दाजींच्या धंद्यात घालू नये. दाजी, राग मानू नका. माणूस तुम्ही चांगले, पण तुमचा धंदा दर वर्षी बदलतो.

कलम २. माझा पान्यांचा संच आणि जॅक माझ्या खोलीतला सोबती वेल्डर याला. चौदा नंबरचा पाना त्याने आधीच ढापलेला आहे, तोही आता त्याचाच समजावा. बूट ज्याला बसतील त्याला.

कलम ३. गाडी. ही चार दारांची छोटी गाडी बाबांनी मी दोन वर्षांचा असताना जुनीच घेतली. ताईने तिचं नाव ठमी ठेवलं, कारण ती बुटकी आणि रुंद. चालत्या गाडीत उभं राहायला मी ठमीतच शिकलो, पुढच्या सीटला धरून. बाबांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या नावावर केली. म्हणाले, "गाडी तुझी झाली की तरी घरी येशील." मी त्यानंतर दोनदाच आलो. सबब, मजकूर गाडी बाबांना परत, आणि त्यांच्या पश्चात ताईला.

तिची निगा अशी ठेवावी. दर चौथ्या दिवशी सुरू करावी. चोक अर्धाच ओढावा, पूर्ण ओढला की रुसते. डावीकडचं मागचं दार जरा उचलून लावावं, आपटू नये. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालू नये, आत क्षार धरतो. टायरची हवा गाडी थंड असतानाच बघावी. वायपर हळू चालतो, तो बिघाड नाही, स्वभाव आहे. दाजी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले होते की हिला भंगारात काढा. त्यांना ठमीत बसायचं असेल तर खुशाल बसावं, पण मागे उजवीकडे, जिथे स्प्रिंग टोचते.

आधी मी इथे लिहिलं होतं की गाडी मिस्त्रीकाकांना द्यावी. मिस्त्रीकाका म्हणजे ज्यांनी सोळा वर्षं ठमीचं सगळं काम केलं ते. वेल्डरने वाचलं आणि म्हणाला, "तुझं पाप त्यांच्या दारात नेऊन उभं करतोस? रोज सकाळी बघायला?" ते मी खोडलं. का खोडलं ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. ठमीची वही. ही समोरच्या खणात असते, निळ्या पुठ्ठ्याची, आता तिसरी चालू आहे. आमच्या घरात पद्धत अशी की गाडीचं काम जो करून आणेल त्यानेच वहीत लिहायचं. तारीख, मीटरवरचा आकडा, काय काम, खाली सही. बाबा म्हणायचे, माणूस विसरतो, वही विसरत नाही. मी शाळेत दिवे लावले नाहीत, पण वहीत माझं अक्षर चांगलं यायचं. बाबा ते पाहुण्यांना दाखवायचे.

दुसऱ्या वहीत, शेवटून तिसऱ्या पानावर, माझ्या अक्षरात एक ओळ आहे : "हेडचे नट आवळले. मिस्त्री." ती ओळ खोटी आहे.

झालं होतं असं. ठमीचं इंजिन गरम होत होतं, म्हणून मिस्त्रीकाकांनी हेड उघडून गॅस्केट बदललं. गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली पातळ पट्टी. ती बसली की दबते, नट थोडे सैल पडतात. म्हणून काका बाबांना म्हणाले, "साहेब, पाचशे किलोमीटर झाले की गाडी आणा. थंड इंजिनावर नट परत आवळायचे. हे चुकवू नका." पाचशे झाले. बाबांनी रविवारी सकाळी किल्ली माझ्या हातात दिली. मी अठराचा, लायसन्स दोन महिन्यांचं. गॅरेज चौकातून उजवीकडे. मी डावीकडे वळवली.

दोन मित्र घेतले आणि धरणावर गेलो. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर. मीटरवर दिसू नये म्हणून आधीच खालून मीटरची केबल सोडली. कशी सोडतात ते काकांनीच मला शिकवलं होतं, मीटर दुरुस्त करताना. संध्याकाळी घराच्या कोपऱ्यावर केबल परत लावली, बॉनेटवरची धूळ पुसली, आणि वहीत ती ओळ लिहून सही केली. वाटलं, पुढच्या रविवारी नेऊ. पुढच्या रविवारी क्रिकेट होतं. त्याच्या पुढच्या रविवारी काय होतं ते आठवतही नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाबा आणि आई चढावर अडकले. गॅस्केट फुटलं. बाबांनी घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत तो डाग अजून आहे. तेव्हापासून बाबा उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत गॅरेजवर नेली. हाताला पट्टी, तरी बाबा स्वतः आले. मी मागे उभा.

"मिस्त्री, तुम्ही नट आवळले नव्हते."

"साहेब, गाडी आलीच नाही माझ्याकडे. मी वाट बघत होतो."

"वहीत लिहिलंय."

"वहीत लिहिलं कोणी?"

"पोराने. हा काय, उभा आहे. विचारा त्याला."

काका माझ्याकडे वळले. चिडून नाही, नेहमीसारखेच. "काय रे भिंगरी, आणली होतीस का गाडी?"

मी म्हणालो, "आणली होती की, काका. तुम्हीच आवळलेत. मी त्या बाकावर बसलो होतो."

बाकाचं कोणी विचारलं नव्हतं. खोटं पक्कं बसावं म्हणून मी ते वरून घातलं. आणि ते बसलं. काकांनी एकदा बाकाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाले, "असेल. रविवारी गर्दी असते. राहिलं असेल माझ्या हातून."

बाबा त्यांच्याकडे परत गेले नाहीत. ऑफिसातल्या सात-आठ जणांच्या गाड्या बाबांच्या सांगण्यावरून तिथे जायच्या, त्याही थांबल्या. मी वर्षभरात घर सोडलं. लोक म्हणतात भिंगरी आहे, एका जागी ठरत नाही. मी चार मुलुखांत कामं केली. कुठेही नट आवळायचा असला की मी दुसऱ्याला पुढे करतो.

कलम ५. इतकी वर्षं मी मनाला सांगत होतो की काकांचं एक गिऱ्हाईक गेलं, दुसरी आली असतील. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. तिला काकांची मुलगी दवाखान्यात भेटली होती. ताईला यातलं काही माहीत नाही, ती सहज सांगत होती. "अरे, काकांचं काहीतरीच झालंय. एक नट तीन-तीनदा आवळतात. दोन गाड्यांच्या नटांचे आटे घालवले. गाडी दिली की गिऱ्हाईकाच्या मागे फाटकापर्यंत जातात, विचारतात, मी आवळलं ना? तू बघितलंस ना? मुलगी म्हणते, बंद करा आता. तर म्हणतात, ठमीच्या वेळेपासून माझ्या डोक्याचा भरवसा नाही."

मी म्हटलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

मला वाटायचं मी त्यांचं नाव घालवलं. तसं नाही. मी त्यांचा त्यांच्या हातांवरचा विश्वास घालवला. नंतर दोनदा गॅरेजला फोन लावला. "हॅलो, कोण?" ऐकलं आणि ठेवून दिला. तोंडाने मी परत काहीतरी बनवून सांगेन, मला माझी खात्री आहे. लिहून खोटं केलं, ते लिहूनच खोडतो.

कलम ६. मी लिहून देतो की त्या रविवारी गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली नव्हती. त्यांच्या हातून काही राहिलं नव्हतं. त्यांना जे आठवत होतं तेच खरं होतं. बाबांच्या हातावरचा डाग माझा आहे. बाबा, तुम्ही वहीवर विश्वास ठेवलात, यात तुमची चूक नाही. आता तुम्ही स्वतः गॅरेजवर जा, तिथे जो कोणी असेल त्याच्यासमोर हे कलम मोठ्याने वाचा. डोळ्यांना जमलं नाही तर ताईने वाचावं, पण तुम्ही तिथे उभं राहावं. काका, माफी मागायचं तोंड मला नाही. तुम्ही एकदा आवळलेला नट आवळलेलाच असतो, एवढं मात्र धरून चाला.

कलम ७. नमुन्यात छापलंय की हे पत्र माझ्या मृत्यूनंतर अंमलात यावं. त्यावर मी काल दिवसभर अडकलो. काका बहात्तरचे आहेत, मी सत्तावीसचा. मी बोगद्यातून धडधाकट वर आलो, तर हा कागद कंपनीच्या कपाटात पडून राहील आणि ते तसेच जातील, फाटकापर्यंत लोकांना विचारत. म्हणजे त्यांना खरं कळायचं तर मी मरायला हवं. सबब कलम एक ते तीन माझ्या मृत्यूनंतर, आणि चार ते सहा आजपासून लागू.

कारकून म्हणाला, "अरे, असं चालत नाही. जिवंतपणी लागू होतं त्याला मृत्युपत्र म्हणत नाहीत." म्हटलं, मग तुम्ही म्हणाल ते म्हणा, पण शिक्का मारा. मारला.

साक्षीदार १ : वेल्डर, खोलीतला सोबती. सर्व वाचलं. चौदा नंबरचा पाना मी ढापलेला नाही, उसना घेतला आहे. बाकी खरं. (सही)

साक्षीदार २ : छावणीचा स्वयंपाकी. मला वाचता येत नाही, भिंगरीने वाचून दाखवलं. कलम पाचला थांबला होता, मग पुढे वाचलं. (अंगठा)

लिहून देणार : भिंगरी. (सही)

ठिकाण : बोगद्याची छावणी, खोली अकरा. तारीख सात, मंगळवार, सकाळ.

शेरा (माझ्याजवळच्या प्रतीवर) : एक प्रत कंपनीला दिली. दुसरी बाबांच्या पत्त्यावर, नोंदणी टपालाने. टपालाची गाडी नऊ वाजता फाटकाबाहेर पडली. पत्र परत घ्यायला मी मागे धावलो होतो, गाडी थांबली नाही. बरं झालं.