चार खेळाडू, तीन पदकं

३ ऑगस्ट, झोंबा

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पदक मिळाल्यावर मी एकट्यानेच वाचायची, मेहनत कशी केली ते विसरू नये म्हणून.

झांबेझी खेळांच्या डेकॅथलॉनची नावं आली. देश सहा, पण दोन दिवसांत दहा खेळ खेळायची हिंमत चौघांचीच. झांबियाचा एक, नामिबियाचा एक, बोट्स्वानाचा ओटेंग, आणि मलावीचा मी. ग्रेशम चिम्वाझा, शारीरिक शिक्षणाचा मास्तर, वय अडतीस. वय म्हणजे अनुभव.

माणसं चार, पदकं तीन. म्हणजे मला जिंकायचंसुद्धा नाही. एकट्या ओटेंगला मागे टाकलं की झालं, आणि त्याचे गेल्या वर्षीचे गुण माझ्या अंदाजी गुणांपेक्षा कमी आहेत. बायकोला, एनिफाला, हे समजावलं. ती बाजारात मंडासी, पिठाचे गोड गोळे, तळून विकते, हिशोब तिला चटकन कळतात. तिने विचारलं, मग चौथा कोण? नकारात्मक विचार. दुर्लक्ष केलं.

लग्नात मी सासऱ्यांसमोर बोललो होतो की तुमच्या मुलीच्या गळ्यात पदक घालीन. त्याला पंधरा वर्षं झाली. ते दर ईस्टरला विचारतात, जावईबापू, दहा खेळ खेळता, एक तरी येतो का? आता संघटनेनेही कळवलंय की माझं हे शेवटचं. म्हणजे एनिफाचं पदक यंदा, नाहीतर कधीच नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला पळणे.

४ ऑगस्ट

विश्रांती. विश्रांती हासुद्धा सरावच.

११ ऑगस्ट

पोल व्हॉल्टचा सराव. शाळेत पोल नाही, बांबू आहे. गादी नाही, मक्याच्या सालांचा ढीग आहे. बांबू मोडला. मी ढिगाच्या अलीकडे पडलो. दोष पूर्णपणे बांबूचा. लुसाकात स्पर्धेला खरा पोल मिळेल तेव्हा मी किती वर जाईन याची मलाच थोडी भीती वाटते.

पहाटेचं पळणं सोमवारपासून.

१९ ऑगस्ट, लुसाका

बसने पोचलो. कंबर धरली. एनिफाने शेंगदाण्याच्या तेलाची बाटली दिलीय, अंगाला चोळायला. पळायचा संकल्प मागे घेतला. ऐन स्पर्धेच्या तोंडावर अंगाला नवीन सवय लावणं धोक्याचं.

२१ ऑगस्ट, दुपार

ओटेंगची मांडी सरावात ताणली. लंगडतोय. स्पर्धेत उतरणार नाही म्हणतो. वाईट वाटलं. नंतर हिशोब केला. उरलो तिघे, पदकं तीन. मी शेवटचा आलो तरी ब्राँझ! मैदानात नुसतं चालत फिरलो तरी ब्राँझ!

एनिफाला फोन करून सांगून टाकलं. पलीकडे तिने कुणाला तरी ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं, मग बाजारातल्या बायकांचा गलका. सासऱ्यांनाही निरोप धाडते म्हणाली.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ

तांत्रिक सभा. एका बाईंनी नियम वाचले. प्रत्येक खेळाचे गुण तक्त्याप्रमाणे. फेकीत आणि लांब उडीत तीन-तीन संधी. एकही खेळ सुरू न करता सोडला की स्पर्धेतून बाद. सगळं मला पाठ.

मग त्या म्हणाल्या, जितके खेळाडू पहिल्या शर्यतीला सुटतील, त्यापेक्षा पदकं एक कमी. चौघे सुटले तर तीन. तिघे सुटले तर दोनच, ब्राँझ नाही.

मी हात वर करून विचारलं की हा नियम कधीपासून. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून, पान चार. पान चार मी वाचलं नव्हतं, कारण त्यात फक्त पदकांबद्दल होतं आणि माझं सगळं लक्ष खेळावर होतं.

एनिफाला कळवलं नाही. फोन महाग पडतो.

२२ ऑगस्ट

ओटेंग सुटला पाहिजे. नुसता सुटला पाहिजे. मग पहिल्या शर्यतीनंतर खुशाल घरी जावं. नियमात बसतं.

सकाळीच त्याच्या खोलीवर गेलो. भला माणूस. गावात गुरांना लसी टोचतो. मी सगळं खरं सांगितलं, एनिफाचं, सासऱ्यांचंही. तो खूप हसला आणि कबूल झाला, पण उभं राहवत नव्हतं. मग मीच तेल कोमट केलं आणि मांडी चोळली. दुपारी परत चोळली. संध्याकाळी मिठाच्या पुरचुंडीने शेकली. तो म्हणाला, माझ्या बैलांचेसुद्धा एवढे लाड होत नाहीत.

माझा स्वतःचा सराव राहिला. पण डावपेच हाही सराव.

२३ ऑगस्ट, पहिला दिवस

शंभर मीटर. मी बंदुकीच्या आधीच सुटलो. डेकॅथलॉनमध्ये पहिली चूक माफ असते, ती मीच वापरली, म्हणजे बाकीच्यांवर दडपण. ओटेंग सुटला! चौघे सुटले! ब्राँझ पक्कं!

ओटेंग तिसरा आला, मी चौथा. हरकत नाही, तो जाणारच होता.

गेला नाही. म्हणाला, पाय इतका मोकळा झालाय की एक लांब उडी मारून बघतो, मग जातो. मारली. माझ्यापेक्षा लांब. मग गोळा. गोळ्याला पायाचं काय एवढं, म्हणाला. मधल्या वेळात मांडी पुढे करून बसला. नाही कसं म्हणणार, दोन दिवसांची ओळख. चोळली. उंच उडीनंतर पुन्हा चोळली. माझ्या हाताला गुण आहे एवढं मात्र खरं.

चारशे मीटरनंतर: ओटेंग तिसरा, मी चौथा. मुद्दाम मागे राहिलोय. उद्या त्याचा पाय दगा देईल.

२४ ऑगस्ट, दुसरा दिवस

पाय दगा देत नाहीये.

अडथळ्यांच्या शर्यतीनंतर त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा रे, आपलं काय ठरलं होतं? त्याचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाला, "दादा, या पायावर तू जीव टाकलास. आता अर्ध्यावर सोडलं तर तुझ्या मेहनतीला काय किंमत राहिली?"

मी तेलाची बाटली काढली.

पोल व्हॉल्ट. खरा पोल फार वाकतो. बांबू असा वाकत नाही. सगळ्यात खालच्या उंचीला तीन प्रयत्न, तिन्ही फुकट. तक्त्यात शून्याला शून्य गुण आहेत. ओटेंग पहिल्याच उडीत पार, आणि उतरल्यावर पहिली मिठी मला.

पंधराशे मीटर पळालो. शेवटच्या फेरीत मी एकटाच होतो. लोक टाळ्या वाजवत होते. मी त्यांना ओळखत नाही आणि त्यांनी वाजवायला नको होत्या.

२५ ऑगस्ट

पदकसमारंभ. ओटेंगने खाली उतरून ब्राँझ माझ्या गळ्यात घातलं, फोटोसाठी. फोटो झाल्यावर काढून घेतलं. त्याचंच होतं.

वजनाला बरंच असतं. मला माहीत नव्हतं.

२७ ऑगस्ट, झोंबा

घरी आलो. बाजाराच्या मागच्या बाजूने. बसमध्ये चार भाषणं तयार केली होती, नियम, पान चार, पोलचा वाक, बोट्स्वानाचा स्वभाव. एकही करावं लागलं नाही.

एनिफाने विचारलं, शेवटी किती जण होते? म्हटलं चार. कितवे आलात? चौथा. ती तळत राहिली.

"मागच्या वेळी तेरा होते आणि तुम्ही तेरावे," ती म्हणाली. "तेराव्याचे चौथे झालात. किती वर आलात हो."

मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा असती तर बरं झालं असतं. थट्टा नव्हती. बाजारात आणि वडिलांनाही तिने हेच सांगायचं ठरवलंय.

मला रडू आलं. तिला वाटलं, आनंदाने.