बाथरूमचं दार ओढून घेऊ नकोस

दादा,

बाथरूमचं दार ओढून घेऊ नकोस, आतून उघडणार नाही. हँडल माझ्या हातात आलं. ते धरून मी खाली बसायचा सराव करत होते. हसू नकोस. नवीन आणायला चाललेय, तिथून तशीच जिमला.

उभ्यानेच लिहितेय, मांड्या भरून आल्यात. एवढी जीव तोडून करते, तरी अर्ध्यावर गेलं की टाचा उचलल्या जातात आणि पाठ वाकते. जिमचे सर म्हणतात, "वजन ठेव बाजूला, आधी घोटे मोकळे कर." घोटे! इथे मला बाबांना उचलायचंय आणि हे घोट्यांवर अडलेत.

परवा ते पडले तेव्हा मी कमरेतूनच वाकले आणि तिथेच अडकले. शेवटी शेजारच्या काकांना हाक मारावी लागली.

आणि रविवारी तू वृद्धाश्रमातल्या बाईंना बोलावलंयस, ते कळलंय मला. फोनवर हळू बोलत जा, बाबांनाही ऐकू येतं. बाईंना महिनाभर थांबायला सांग. मला जमेल.

हँडल निघालं तशी मी धप्पकन फरशीवर. बाबा खुर्चीतून म्हणाले, "बसलीस एकदाची! आता ऊठ." उठवेना. त्यांनी हात पुढे केला. मी धरला नाही, तेच पडले असते. तेव्हापासून तोंड फिरवून बसलेत.

आलास की समोर बसून त्यांना पाणी पाज. परवापासून घोटभरच पितात, मला त्यांना बाथरूमला न्यायला लागू नये म्हणून.