घुंगरांचा करदोडा

आई,
मार्कंड्याहून आल्यावर घरात कोणी दिसलं नाही तर घाबरू नका. दिव्यानीला घेऊन मी दसऱ्याचा झेंडू गोंडपिपरीला पोचवायला गेलेय.

"पोरगी हाये का वासरू?" म्हणत तुम्ही हसलात, तरी मी तिला घुंगरांचा करदोडा बांधलाच. बाग निंदताना कान तिकडेच होता. आवाज जंगलाकडे जायला लागला, तशी खुरपं टाकून धावले. तर पुढे आपलं वासरू! पोरीनं करदोडा काढून त्याच्याच गळ्यात घातलेला. ती झेंडूतच बसून म्हणते, "मम्मी, तू कुठी गेलती?"

करदोडा आता वासरालाच राहू द्या. शेवंतीला पाणी तेवढं तुम्ही घाला. दिव्यानीचा हात आज मला सोडवत नाही.

रीता