गेटावर आडवे ठेवलेले हूक

बाबा, तुम्हाला लिहायचं मी लई दिवस टाळलं. तुम्ही गेलात तेव्हापासून मनात आहे, पण एका जागी बसलो की माझ्या पायाला मुंग्या येतात, हे तुम्हाला नवं नाही. कधी हैदराबादचं गोदाम, कधी यवतमाळचं हॉटेल, मधीच नागपूर. जैनथच्या एका माणसासोबत पेनगंगेच्या पलीकडं मासे विकायलाही गेलो होतो, त्यात मासे कमी आणि गप्पाच जास्त. ते जाऊ द्या. शाळा अर्धी सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. आज बसलो ते आठवण आली म्हणून नाही. मला भेव लागून राह्यलं बाबा, आणि ते ज्याला सांगावं असा माणूस आता गावात नाही.

तुमच्याच जिनिंगमध्ये लागलोय मी. मालकानं कापसाच्या गाठी उचलणारी गाडी आणली आहे. पुढं दोन लोखंडी पंजे. लेकराला कवेत घ्यावं तशी गाठ कवेत घेते आणि ट्रकात नेऊन ठेवते. हैदराबादला मी तसली गाडी चालवायला शिकलो होतो, म्हणून मला बोलावणं आलं. काय आनंद झाला होता! वाटलं, आता आपण गावात टिकणार. तुमची हमालांची टोळी ज्या गाठी पाठीवर घेते त्याच गाठी ही गाडी उचलणार, हे गाडीवर बसेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही. असा मी. आता हमाल युनियन म्हणते, टोळीतल्या प्रत्येकाला दुसरं काम दिल्याशिवाय मशीन गेटातून आत येऊ देणार नाही. मालक म्हणतो, उद्या सकाळी येणार म्हणजे येणार. मशीन रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये उभी आहे, आणि ती आत नेणारा मी.

तुम्हाला माहीतच आहे गेटावर काय होईल ते. घोषणा नाही, झेंडा नाही. एकेक हमाल येईल, गाठ ओढायचा खांद्यावरचा हूक काढून जमिनीवर आडवा ठेवील, टोक आतल्या बाजूला. एकाला लागून दुसरा, या खांबापासून त्या खांबापर्यंत. आणि टोळीतला सगळ्यात म्हातारा जोवर स्वतःचा हूक उचलत नाही, तोवर ती रांग कोणी ओलांडायची नाही. मोठ्या मालकाची मोटार त्या रांगेपाशी येऊन मागं फिरलेली मी पाहिली आहे. आणि मी? लहान असताना तुमचा डबा घेऊन आलो होतो, भाजी सांडू नये एवढंच ध्यान, अन् टुणकन उडी मारून आत गेलो. सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. घरी आल्यावर मात्र हळूच म्हणालात, "तो लोखंडाचा तुकडा नोहे बापू. तिथं माणूस झोपला हाय असं समजायचं. झोपलेल्या माणसाले कोणी ओलांडते का?" तेव्हा मला गाल दुखल्याचं वाईट वाटलं होतं. आज डोळे मिटले की गेटावर माणसं झोपलेली दिसतात, आणि माझ्या पायाखाली ब्रेक लागत नाही.

तुमची पाठ आठवते. माय चुलीत वीट तापवते आहे, फडक्यात गुंडाळून तुमच्या कंबरेवर ठेवते आहे, तुम्ही पालथे पडून तोंडानं 'स्स' करता आणि मला म्हणता, "पाहू नको, अभ्यास कर." पुस्तक उलटं धरून मी पाहातच राहतो. युनियन नव्हती तेव्हा एक गाठ दोघं नेत होते, युनियननं ती चौघांवर आणली, हे तुम्ही पाहुण्यांना किती अभिमानानं सांगायचात! तुम्ही गाठीखाली सापडून खाटेवर पडलात तेव्हा टोळीनं रोजच्या कमाईतून तुमचा वाटा वेगळा काढला. तुम्ही एक बोटही हलवलं नव्हतं तरी. टोळीतले काका तो घेऊन दारात यायचे, आत यायचे नाहीत, मायला लाज वाटू नये म्हणून. मालकाकडून एक केळंसुद्धा आलं नव्हतं. मी कुठंकुठं काम केलं बाबा, हैदराबादला ठेकेदारानं एका पोराला बोट तुटल्यावर रिक्षात बसवून गावी पाठवलं आणि जेवायच्या सुट्टीत त्याच्या जागी दुसरा उभा होता. तिथं मला तुमची टोळी आठवली होती.

पण मग बेला गावचा तो माणूसही आठवतो. काय दणकट होता! दर हंगामात गेटावर यायचा, काम मागायचा. तुमचे लोक बिडी ओढत विचारायचे, "तुह्या बापाचा हूक हाय का इथं?" बापाचा नाही तर सासऱ्याचा, नाही तर वाट धर. शेवटी शेवटी तो विचारायचंही थांबला, नुसता पिंपळाखाली बसून तुमचं काम बघायचा. आणि माय? ती आणि कापसातला कचरा वेचणाऱ्या बाकी बाया तुमच्याच भिंतीआड बसत. बायांसाठी संडास बांधा असं तुम्ही मालकाला सांगा, एवढंच मागायला माय युनियनच्या बैठकीत गेली होती. "बाईमाणसाचं इथं काय काम" म्हणून हसले सगळे. तुम्ही हसला नाहीत, पण बोललाही नाहीत. घरी येईपर्यंत माय तुमच्या चार पावलं पुढं चालत होती. आणि ही मशीन तेव्हा असती तर तुमची पाठ मोडली असती का? हे मी कोणाला विचारू? टोळीला विचारलं तर मारतील, मालकाला विचारलं तर तो टाळ्या वाजवील.

काल काका आले होते. तेच, तुमचा वाटा आणून देणारे. आता टोळीत सगळ्यात म्हातारे तेच. खाटेवर न बसता उभ्यानंच म्हणाले, "काय ड्रायव्हर सायेब, सोमवारी येता म्हणे?"

"मालकानं सांगितलं हाय काका."

"ये ना. मी बी येतो. माहा हूक बरोब्बर मधात ठेवतो, तुले दिसाले पाहिजे." मग हसले. "चाक हळू आण बरं. वाकला तं या वयात नवा कुठून आणू?"

मलाही हसू आलं. ते मला शिव्या देते तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजून तिथंच आहे असं वाटतं. आज रविवार, जिनिंग बंद, तरी रस्त्यावर मोटरसायकल थांबली की मी घरामागं जातो. युनियनची पोरं आली असतील की मालकाची, हेही कळत नाही, आणि दोघांचंही भेव सारखंच.

मायला विचारलं. ती ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं नाही. "युनियननं तुह्या बापाले पोसलं, मले नाही. मले तिचा काई पुळका नाई." मला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात म्हणाली, "पण हूक ओलांडून आला तं या घराचा उंबरठा ओलांडू नको." मी म्हटलं, मग नोकरी सोडू का? "तुले सोडता येते रे, तेच तं तुले येते." बाबा, तेवढं लागलं मला. म्हणून सोडली नाही. त्याऐवजी काय केलं सांगू? दुपारी मुनीमला फोन लावला आणि आवाज बारीक करून म्हणालो, ताप भरला आहे, उद्या उठवणार नाही. मुनीम म्हणाला, "आराम करो, आराम करो." इतक्या गोडीनं की फोन ठेवल्यावर मला खरंच थंडी वाजली. मग हे लिहायला बसलो. वाटलं, मी घरात पडून राहिलो की मशीन शेडमध्ये राहील, हूक हुकाच्या जागी, आणि मी कोणाचाच नाही.

हे लिहिता लिहिता दार वाजलं. माय म्हणाली, तुह्याकडं कोणी आलं. मी उठलो. पांढऱ्या मिशांचा एक माणूस, हातात पिशवी, बसनं आलेला. बेल्लमपल्लीचा. कोळशाच्या खाणीत मशीन चालवून रिटायर झालेला. "ताप कैसा है भाई? मुनीमजी ने बोला, कल गाडी मैं अंदर ले जाऊं, चाबी तुम्हारे पास है." मी विचारलं, गेटावर काय होणार ठाऊक आहे का? तो खाली बघत म्हणाला, "पूरी जिंदगी मैं भी युनियन में था बाबू. पर बेटा घर में बैठा है, उसको लगा देंगे बोले हैं." माय त्याला पाणी देऊन माझ्याकडं बघते आहे. तो ओट्यावर बसला आहे, पाणी घोट घोट पितो आहे. मी चावी शोधायच्या निमित्तानं आत येऊन हे शेवटचं लिहितो. चावी खिशातच आहे. हा कागद मी कुठं पाठवणार, पण एवढं तुम्हाला सांगून ठेवतो बाबा: माझ्याऐवजी तो गाडी नेणार हे कळल्याबरोबर मला आधी बरं वाटलं.