कडूकंदाचा पहिला घास

११ मार्च १९६६
आज आय आणि मी मनोरच्या वरच्या रानात कडूकंद खणले. सुकलेली वेल आयला लांबूनच दिसते, मला नुसतं गवत! दगडात पहार मारून हात सोलले. "सातवी शिकलीस ना बायडे, आता खण," म्हणाली आणि हसत सुटली.

१२ मार्च
कंद चिरले, राख घालून उकडले, बाच्या टोपलीत भरून ओहोळात ठेवले. दिवसभर वाहतं पाणी आरपार गेलं की विष उतरतं. तारापूरला बांधकामावर जाण्याआधी बाने ही टोपली विणली. काय विणली आहे! पाणी जातं, चकती एक जात नाही. बाजारात दाखवा म्हणावं असली!

१३ मार्च
आमच्यात रीत — रांधणारीने पहिला घास खायचा, बाकीच्यांनी गुरं परतेपर्यंत थांबायचं. तिला काही झालं नाही तर मग सगळ्यांनी. धाकटी बहीण चिमी सहा वर्षांची, तिला कुठला धीर! "आय, गरगरतं का? आता खाऊ? आता?" आयने मुद्दाम डोळे फिरवले. चिमीने भोकाडच पसरलं! मग तिघी हसलो. मीठमिरची लावून गरम गरम कंद... घरात तांदूळ नाही हे विसरलेच.

२ एप्रिल
नागलीचं पीठही संपलं. बाचा निरोप नाही.

९ एप्रिल
ओहोळ आटला. नुसती डबकी. आय दिवसभर डबक्यात बसून टोपली हाताने हलवत होती. "पाणी चालत नाय, तं टोपली चालवू." मी म्हटलं, फेक ते कंद. "मंग चिमीला काय देऊ? सांग!" संताप आला. बाचा, पाण्याचा, सगळ्यांचा.

१० एप्रिल
आयने पहिला घास खाल्ला. "बरा लागतो गं." चिमीने हात घातला, तर आयने फटकन मारलं तिच्या हातावर. कधी मारत नाही!

गुरं परतायच्या आतच आय भिंतीला धरून बसली. घशात आग, उलट्यांवर उलट्या. बोलता येईना. सारखी मडक्याकडे बोट दाखवत होती. मी सगळं उकिरड्यावर ओतून आले, तेव्हा बोट खाली घेतलं.

११ एप्रिल
शेजाऱ्यांना घेऊन, डोलीत घालून मनोरला दवाखान्यात नेत होतो. अर्ध्या वाटेत आय गेली.

२० एप्रिल
बा आला. तांदूळ घेऊन! आता आणतो! टोपली पायाखाली मोडायला निघाला. मी ओढून घेतली. आयने त्या टोपलीला कधी नावं ठेवली नाहीत.

१४ जुलै
बा परत तारापूरला. तांदूळ संपला. ओहोळ भरून वाहतो आहे. काल टोपली पाण्यात ठेवली, आज कंद रांधले. पहिला घास मी खाल्ला.

चिमी समोर बसली आहे. "आता खाऊ?" असं एकदाही विचारलं नाही तिने. गुरं अजून परतायची आहेत.